लीलाम्माची इंग्रजी

कॉलनीच्या फाटकाला आता पत्रे ठोकलेत. आतले निम्मे क्वार्टर पाडून झाले आहेत आणि उरलेले पावसाळ्याआधी पाडणार म्हणतात. खाण सरकत सरकत आमच्या चुलींपर्यंत आली आहे. मी गडचिरोलीहून सकाळच्या एसटीने निघाले, चंद्रपूरला उतरून ऑटो केला आणि त्या पत्र्यांपुढे येऊन उभी राहिले. साजीने फोनवर म्हटलं होतं, "आंटी, घर पाडायच्या आधी एकदा जाऊन याल का?" साजी म्हणजे लीलाम्माचा मुलगा, सध्या ऑस्ट्रेलियात असतो. लीलाम्मा म्हणजे माझी शेजारीण, कॉलनीच्या दवाखान्यातली सिस्टर. आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांना मिळून एकच भिंत होती.

"कोनाले पायजे बाई?" पत्र्याआडून चौकीदाराने विचारलं.

"कोनाले नाई. इथी राहत होती मी."

त्याने पत्रा सरकवला. आत पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा वास आला. दगडी कोळशाच्या शेगडीचा, ओल्या राखेचा, कुठेतरी अजून फुललेल्या सप्तपर्णीचा. माणसं गेली, दारं-खिडक्या गेल्या, वास मात्र क्वार्टर सोडून गेले नव्हते. त्या वासांच्या पाठोपाठ तीही आली, जी या कॉलनीत माझ्याबरोबर सतत राहिली, बाजारात, देवळात, क्लबमध्ये, दवाखान्याच्या रांगेत. माझी लाज.

लग्न होऊन इथे आले तेव्हा मी झाडीपट्टीतल्या आमच्या वडशाबाहेर फारशी पडलेली नव्हते. धानाच्या गिरणीचा कोंडा, रेल्वेचा भोंगा आणि हिवाळाभर चालणारी नाटकं, एवढ्यातच माझं जग. नाटक बघून आलो की दुसऱ्या दिवशी मी खलनायकाचं भाषण जसंच्या तसं म्हणून दाखवायची. आई म्हणायची, "हिच्या कानात टेप बसवली हाये." ऐकलेला आवाज माझ्या कानात राहायचा आणि तसाच तोंडातून बाहेर यायचा. याचा पुढे काय उपयोग होईल हे तेव्हा कोणाला माहीत होतं.

इथे आले तर शेजारी सगळे लांबलांबचे. कोणी बिहारचं, कोणी तेलंगणाचं, कोणी बंगालचं. दुपारी खाणीत सुरुंग उडायचा तेव्हा सगळ्यांच्याच मांडणीतली भांडी एकदम थरथरायची, तेवढी एक भाषा सगळ्यांना सारखी कळायची. एरवी गल्लीत हिंदी चालायची आणि क्लबमध्ये इंग्रजी. मराठी बोलणाऱ्या बाया थोड्या होत्या, त्यात एक पुण्याकडच्या साहेबांची बायको होती. तिला भेटून मला केवढा आनंद झाला होता! मी धावतच गेले आणि म्हटलं, "मले लय बरं वाटलं ताई, तुमी मराठी हाय म्हून." ती हसली. वाईट बाई नव्हती, पण हसून म्हणाली, "अगं, मले काय? मला म्हण. उद्या मुलं होतील, त्यांना तेच वळण लागेल."

त्या दिवसापासून मी मराठी बोलतानासुद्धा आधी मनात वाक्य तपासून घेऊ लागले. जन्मापासून ज्या भाषेत भांडले, रडले, देवाला हाका मारल्या, ती भाषा एका वाक्यात चुकीची ठरली. पदराला डाग पडलाय आणि आपल्यालाच माहीत नव्हतं, असं काहीसं वाटलं. मग मी बोलणंच कमी केलं. ह्यांना वाटायचं, बायको शांत स्वभावाची आहे.

हे खाणीत इलेक्ट्रिशियन होते. नवीन बायकोला घेऊन लेडीज क्लबला यायचं असा निरोप मॅडमकडून आला, म्हणजे जनरल मॅनेजरच्या पत्नीकडून, तेव्हा माझ्यापेक्षा हेच जास्त घाबरले. मी साडीच्या निऱ्या घालत होते आणि हे दारात उभे.

"आयक, तिथी काई बोलू नोको बरं. नुसती हासत राहजो."

"अन् कोनी काई विचारलं तं?"

"तं अजून हासजो."

क्लबचा हॉल आत्ता माझ्यापुढे आहे. छप्पर काढून नेलंय, स्टेजवर गवत उगवलंय. त्या दिवशी इथे पंखे गरगरत होते, पावडरचा आणि समोशांचा वास होता, आणि खुर्च्यांवर बसलेल्या बायांच्या हातात एकेक कागदाचं तिकीट होतं, त्यावर आकडे. तंबोला. मॅडम माइकवर आकडे बोलणार, आपल्या तिकिटावरचे खोडत जायचे, ओळ पूर्ण झाली की ओरडायचं. एवढं मला शेजारच्या बाईने खुणेने समजावलं. आकडे मला येत होते, शाळेत पाठ केले होते. पण शाळेतले आकडे आमच्या गुरुजींच्या आवाजातले होते, सावकाश, छडीच्या ठेक्यावर. मॅडमचे आकडे तव्यावरच्या मोहरीसारखे उडत होते. मी कानात तेल घालून ऐकत होते, खोडत होते, आणि अचानक माझी ओळ पूर्ण झाली. आयुष्यात काही जिंकले नव्हते. मी उभी राहिले आणि जोरात ओरडले.

सगळ्या वळून बघू लागल्या. मॅडमनी तिकीट मागवून घेतलं, बघितलं, आणि माइकमध्ये म्हणाल्या, "बोगी!"

हॉलभर हसू उसळलं. मीही हसले. मी वडशाची, बोगी म्हणजे मला रेल्वेचा डबाच माहीत. मला वाटलं, डबा बक्षीस मिळाला. स्टीलचा असेल. मी दोन्ही हात पुढे केले.

बोगी म्हणजे चूक, खोटा दावा, खेळातून बाद. सेव्हन्टीन म्हटलं होतं, मी सेव्हन्टी खोडलं होतं. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच दिसलं, की मी हात पुढे करून उभी आहे आणि हसणं काही थांबत नाही. कानांच्या पाळ्या तापल्या. पुण्याच्या बाईने मान दुसरीकडे वळवली, तिला बहुतेक माझ्याबद्दल वाईट वाटत होतं, आणि ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक उंच, काळीसावळी बाई उठली. पांढरी साडी, केसांना खोबरेल तेल, गळ्यात छोटा क्रूस. तिने स्वतःचं तिकीट टराटरा फाडलं आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली.

"आय ॲम आल्सो औट," ती म्हणाली. "सिंबली बोरिंग गेम, नो?"

मला त्यातलं काही कळलं नाही. फाडलेलं तिकीट तेवढं कळलं. ती लीलाम्मा.

तिला मराठी येत नव्हती. हिंदी यायची ती दवाखान्यापुरती, दुखतंय का, किती वेळा, जीभ दाखवा. नवरा मी यायच्या आधीच वारलेला होता आणि मुलगा केरळात आजीकडे शिकायला होता, सुट्टीत यायचा. ती वयाने मोठी, मला मोळे म्हणायची. मोळे म्हणजे मुली, हे मी विचारलं नाही, तसंच समजून घेतलं. तिने मला इंग्रजी शिकवलं असं लोक म्हणतात, पण तिने कधी शिकवलं नाही. ती फक्त मला कामाला लावायची. कॉलनीत काहीही असलं की मागच्या अंगणाच्या भिंतीवरून हाक यायची, "मोळे! कम, कम, वर्क ईस देअर."

म्हणून माझ्या इंग्रजीला व्याकरण नाही, वास आहेत. वेट हा शब्द फिनाईलच्या वासाचा आहे. पोलिओच्या डोसाच्या रविवारी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी मुलांची रांग धरायची आणि ती आतून ओरडायची, वेट, वेट. होल्ड हा शब्द रडणाऱ्या पोराच्या घामेजल्या दंडाचा आहे. स्टर म्हणजे नाताळच्या आधी मोठ्या पातेल्यात फेटलेला केक, व्हॅनिला आणि जायफळ. तो केक आम्ही वाळूने भरलेल्या कढईत, शेगडीवर भाजायचो आणि वर झाकणावर निखारे ठेवायचो. ओणमला तिच्या दारात फुलांची रांगोळी घालायची, तेव्हा झेंडूच्या पाकळ्या सोडवता सोडवता इनसाइड, औटसाइड, राउंड कळलं. कॉलनीत कोणी गेलं की ती मला बरोबर न्यायची. तिथे मी सॉरी हा शब्द शिकले. तो कसा म्हणायचा ते नाही, म्हणून झाल्यावर किती वेळ गप्प बसायचं ते.

डिसेंबरात चर्चची मंडळी खाणीच्या ट्रकमधून घरोघर गात फिरायची. तिने मला पहिल्याच वर्षी ट्रकमध्ये चढवलं. मी म्हटलं, "सिस्टर, आय डोन्ट नो साँग." ती म्हणाली, "नोबडी नोस, मोळे. सिंबली ओपन द मौत." खरंच, ट्रकमध्ये कोणी तमिळ होतं, कोणी ओडिया, एक छत्तीसगडचे काका, सगळे एकच इंग्रजी गाणं सात प्रकारे गात होते. थंडीने तोंडातून वाफ निघायची. त्या ट्रकमध्ये मला लाज वाटली नाही. सबंध कॉलनीत एवढी एकच जागा होती, आणि ती हलत होती.

बाकी ठिकाणी लाज होतीच. बँकेत मॅनेजरने इंग्रजीत विचारलं की मी ह्यांच्या मागे सरकायची. मुलगी इंग्रजी शाळेत गेली तेव्हा पालकसभेत मी सगळ्यात मागे, खांबाआड बसायची. बाई माझ्याकडे बघतेय असं वाटलं की पर्समध्ये काहीतरी शोधायला लागायची. पर्समध्ये रुमालाशिवाय काही नसायचं.

तरी हळूहळू बोलायला लागले. कान होते ना माझे, वडशाच्या नाटकांवर तयार झालेले. लीलाम्मा जसं बोलायची तसंच माझ्या तोंडून यायचं. सिंपलीचं सिंबली, कॉलेजचं कोळेज, वाक्याच्या शेवटी नो. इंग्रजी असंच असतं असं मला वाटायचं. दुसरी कुठली इंग्रजी मी एवढ्या जवळून ऐकलेलीच नव्हती.

एका वर्षी क्लबच्या वार्षिक कार्यक्रमात आभार मानायचं काम माझ्याकडे आलं. मॅडम बदलल्या होत्या. नव्या मॅडमना बोगी माहीत नव्हती. मी आणि लीलाम्माने भिंतीच्या दोन बाजूंना भाजी चिरता चिरता ते भाषण घोटलं. ती पलीकडून म्हणायची, मी अलीकडून. स्टेजवर गेले, घाम फुटला होता, पण एकाही जागी न अडखळता मी सगळं बोलले. टाळ्या झाल्या. लीलाम्मा उभी राहून टाळ्या वाजवत होती.

नंतर चहाच्या टेबलापाशी कप घ्यायला गेले तर खांबाच्या पलीकडून पुण्याच्या बाईचा आवाज आला. "हिचं इंग्रजी मल्याळी आणि मराठी झाडीची. माणूस म्हणायचं तरी कुठलं?" सोबतच्या दोघी हसल्या.

मी कप तिथेच ठेवला. घरी येऊन पाण्याचा नळ सोडून बसले. ह्यांनी विचारलं, "काऊन? बरं नाई झालं का?" मी म्हटलं, "झालं की." पुढचे कितीतरी दिवस मी लीलाम्माशीसुद्धा कमी बोलले. तिचं बोलणं ऐकलं की आता मला त्यातलं सिंबली ऐकू यायचं, आधी कधीच ऐकू आलं नव्हतं. तिच्या बोलण्याचीच मला लाज वाटू लागली होती, आणि तशी लाज वाटते म्हणून पुन्हा वेगळी लाज. भिंतीपलीकडून हाक यायची, "मोळे, यू ॲंग्री?" मी म्हणायची, "नो सिस्टर. सिंबली टायर्ड." आणि जीभ चावायची.

ते दिवसही गेले. भिंतीला भिंत लागून असली की रुसवा फार टिकत नाही. फोडणीचा वास तर दोन्हीकडे जातोच.

ती सकाळ रोजच्यासारखीच सुरू झाली. उन्हाळा सुरू व्हायचा होता. मोहाची फुलं गळायला लागली होती, कामाला येणाऱ्या बाया ओटीत भरून आणायच्या आणि सगळ्या गल्लीला तो गोड, जडसा वास लागायचा. मी कणीक मळत होते. भिंतीपलीकडून दूध उतू गेल्याचा वास आला, मग जळाल्याचा. लीलाम्मा दूध कधी उतू जाऊ देत नसे. मी हाक मारली. पुन्हा मारली. कणकेचे हात तसेच घेऊन मागच्या अंगणातून तिच्या घरात गेले.

ती ओट्याला टेकून जमिनीवर बसली होती. युनिफॉर्म घातलेला, एक केस हललेला नव्हता. उजवा हात मांडीवर कोणी आणून ठेवल्यासारखा. मी गॅस बंद केला, तिच्यापुढे बसले. "सिस्टर? व्हॉट हॅपन्ड? सिस्टर?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि बोलायला लागली. भराभर, अर्धवट तोंडाने, मल्याळममध्ये. मी पुन्हा इंग्रजीत विचारलं. तिने माझ्या ओठांकडे नीट निरखून बघितलं, कपाळाला आठी घालून, मान तिरकी करून. ती नजर मी ओळखली. क्लबमधल्या पहिल्या दिवशी मी मॅडमकडे तशीच बघत होते.

कॉलनीची ॲम्ब्युलन्स आली, चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, कधी कधी असं होतं, मेंदूला धक्का बसला की नंतर शिकलेल्या भाषा जातात, आईची तेवढी राहते. परत येईल का विचारलं तर त्यांनी खांदे उडवले.

तिथल्या व्हरांड्यात साजीचा फोन आला. त्याला दवाखान्याच्या डॉक्टरांनी माझा नंबर दिला होता. सुट्टीत यायचा तेव्हा हा मुलगा माझ्याशी लाजून हसायचा, त्यापलीकडे आम्ही कधी बोललो नव्हतो. त्याला हिंदी धड येत नव्हती, मला मल्याळम येत नव्हतं. उरली इंग्रजी. फोनवर, परदेशातल्या शिकलेल्या माणसाशी, आजूबाजूला नर्सा आणि पेशंटचे नातेवाईक. पण पोराचा आवाज कापत होता, म्हणून बोलले.

"साजी, डोन्ट टेक टेन्शन. अम्मा ईस सिटिंग. टी आल्सो टूक. सिंबली इंग्लिश ईस नॉट कमिंग, दॅट ईस ऑल. गॉड ईस देअर, नो?"

मग तो म्हणाला, "आंटी, हू टॉट यू इंग्लिश?"

माझे कान पेटले. खांबापलीकडचं हसणं आठवलं. आई दवाखान्यात पडलेली असताना हासुद्धा माझं इंग्रजी काढतो! मी म्हटलं, "सॉरी. माय इंग्लिश ईस नॉट गुड."

"नो, नो, आंटी." तो घाईघाईने इंग्रजीत म्हणाला. "तुम्ही अम्मासारखं बोलता. अगदी तसंच. शेवटचं नोसुद्धा." आणि मग तो रडू लागला. मी फोन कानाला धरून भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

रडता रडता त्याने सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. आईशी तो नेहमी मल्याळममध्येच बोलायचा. तिचं इंग्रजी त्याने ऐकलं ते सुट्टीत, मागच्या अंगणात, भिंतीवरून माझ्याशी बोलताना. एकदा केरळातले त्याचे मित्र सुट्टीत इथे आले होते, चांगल्या शाळेतली मुलं. ती हसतील की काय, म्हणून त्याने आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, अम्मा, यांच्यासमोर इंग्रजी बोलू नकोस. ती बोलली नाही. चार दिवस नुसती हसत वाढत राहिली.

नुसती हासत राहजो. मला ह्यांचं वाक्य आठवलं. दुसऱ्याला हात देऊन उठवणारी ती बाई, तीही स्वतःच्या घरात तशीच हसत उभी राहिली होती. मला कधी बोलली नाही.

साजीला रजा मिळून तो येईपर्यंत लीलाम्मा तिच्या घरी होती आणि दिवसभर मी तिच्यापाशी. आता सगळं उलटं झालं होतं. ती मागायची आणि मी अडाण्यासारखी बघत बसायची. वेळ्ळम् म्हणायची, मी उशी आणायची. पुन्हा वेळ्ळम्, मी चादर आणायची. तिने डाव्या हाताने ग्लास दाखवला तेव्हा समजलं, पाणी. कधी साजीचा फोन लावून ठेवायचो. ती त्याला सांगायची, तो मला इंग्रजीत सांगायचा, मी इंग्रजीत उत्तर द्यायची, तो तिला सांगायचा. तिचीच इंग्रजी समुद्रापार जायची आणि मल्याळम होऊन तिच्याकडे परत यायची.

पण सारखा फोन कुठून लावणार. दुपारी सुरुंग उडून भांडी थरथरून शांत झाली की खोली एकदम मोठी वाटायची. तिला इंग्रजी कळत नव्हती, हिंदी कळत नव्हती. काय बोलायचं? मग एका दुपारी तिच्या पायाला तेल चोळता चोळता माझ्या तोंडून निघालं, "बाई वो, तू बरी होय आता. मले करमत नाई."

किती वर्षांनी ते शब्द त्या कॉलनीत मोठ्याने उच्चारले होते. ह्यांच्याशी बोलायची, पण दार लोटून, हळू. मी थांबले. लीलाम्मा मान तिरकी करून ऐकत होती. आणि मला उमगलं, की हिच्याबरोबर केक भाजले, मयतीला गेले, हिच्या भिंतीला टेकून बाळंतपणानंतरचे दिवस काढले, पण माझी बोली हिने एकदाही ऐकली नव्हती. माझा खरा आवाज हिला माहीतच नव्हता. तिने कधी मागितला नाही, मी कधी दिला नाही. त्या लाजेला नाव काय द्यायचं मला अजून कळलेलं नाही. आधीच्या सगळ्या लाजा लोकांसमोरच्या होत्या. ही बंद खोलीतली होती.

मग मी बोलतच राहिले. वडशाचं घर, धानाचा पेंढा, आईच्या शिव्या, बोगी, खांबापलीकडचं वाक्य, सगळं झाडीबोलीतच सांगितलं. "तुह्या बोलण्याची लाज वाटली मले, कळलं का?" असंही सांगितलं. तिला एक अक्षर कळलं नसणार. मधेच ती हसायची, नेमकी भलत्याच जागी. एकदा माझ्या बोलण्यातलं काऊन, म्हणजे का, तिला आवडलं. तिने ते तोंडात घोळवलं, अर्ध्या ओठांनी, "काउन." मग मी काही आणलं की म्हणायची, काउन. निघाले की, काउन.

साजी आला आणि तिला घेऊन गेला. बल्लारशाहला केरळकडे जाणाऱ्या गाडीत आम्ही तिला झोपवलं. खिडकीच्या काचेतून तिने डावा हात हलवला. मी फलाटावर उभी राहून काय बोलावं ते शोधत होते आणि तेवढ्यात गाडी हलली. पुढे ती तिच्या गावी बरी राहिली, अंगणात खुर्ची टाकून बसायची म्हणे. मागच्या वर्षी गेली. इंग्रजी काही परत आली नाही.

साजी अधूनमधून फोन करतो. काम काही नसतं. पाऊस आहे का विचारतो, अंकलची साखर विचारतो. माझी मुलगी आता माझं इंग्रजी सुधारते, सिंपली म्हण आई, पी आहे त्यात. मी घरात तसं म्हणतेही.

आज इथे, लीलाम्माच्या क्वार्टरपुढे उभी आहे. छप्पर नाही, पुढची भिंत नाही. आमची ती मधली भिंत मात्र उभी आहे, एका बाजूला तिच्या ओट्याच्या फरशा, दुसऱ्या बाजूला माझ्या. मी साजीला व्हिडिओ लावला आणि फोन घराकडे धरला. त्याने थोडा वेळ बघितलं.

"नो कॅमेरा, आंटी," तो म्हणाला. "टर्न ऑफ. यू जस्ट टॉक."

चौकीदार मागेच उभा होता, विडी पेटवत. मी आवाज खाली घेतला. फोनमधून आलं, "लौडली, आंटी."

मग मी बोलू लागले. इथे कॉट होती, इथे अम्माचा रेडिओ. किचन ईस देअर, वॉल ईस देअर, रूफ ईस सिंबली गॉन. फणसाचं झाड तिने लावलेलं, बिग नौ, फ्रूट आल्सो केम. एक शब्द आठवेना तिथे मराठी घातला, तोही आठवेना तिथे झाडी. कान तापले होते, ते तापायचे थांबत नाहीत, या वयातही नाही. फोनमधून साजीचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मी सगळं घर फिरून सांगितलं, दारापासून मोरीपर्यंत, आणि फोन ठेवला.

परत फाटकापाशी आले तेव्हा चौकीदार पत्रा सरकवता सरकवता थांबला.

"बाई, ते इंग्रजी होती ना?"

"हो," मी म्हटलं. मान आपोआप खाली गेली.

त्याने विडी विझवली. मग म्हणाला, "मंग मले कशी समजली?"